बिनतंबाखूचा हप्ता

मंदाने विम्याची एजन्सी घेतली तेव्हा चिंचणीत कुणाला फारसं नवल वाटलं नाही. तिची जीभ आधीपासूनच चालती होती. चालत्या जिभेला कमिशन मिळत असेल तर कोण कशाला नको म्हणेल, असं तिची सासू साखरबाईच म्हणाली होती. नवल वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं. नवी एजंट बाई आधी घरातलीच माणसं गाठते, आणि नवऱ्याची पॉलिसी तर त्याला न विचारता काढून मोकळी होते. मंदाने वर्षभरात आख्ख्या आळीतल्या बायकांच्या पॉलिस्या काढल्या, स्वतःची काढली, आणि नवरा तेवढा कोरडा ठेवला.

नवरा विडी ओढत होता, हे त्याचं कारण.

शांताराम चिंचणी ते बोईसर सहा आसनी रिक्षा चालवायचा. पहाटे उठून वाडीतल्या चिकूंना पाणी सोडायचं, मग रिक्षा काढून एमआयडीसीची पहिली पाळी पोचवायची, आणि दिवसभर बोईसर स्टेशनजवळच्या स्टँडवर नंबर लावून उभं राहायचं. नंबर येईपर्यंत विडी. नंबर आल्यावर विडी विझवून कानावर ठेवायची आणि चिंचणीला पोचल्यावर तीच पुन्हा पेटवायची. लग्नात अंतरपाट धरला तेव्हासुद्धा त्याच्या कानावर विडी होती, असं आळीत सांगतात. मंदा म्हणायची की तेवढं खोटं आहे, विडी खिशात होती.

बोईसरच्या शाखेतला विकास अधिकारी मेहुल वयाने तिच्याहून बराच लहान होता, पण ती त्याला मेहुलसर म्हणायची. नवऱ्याची पॉलिसी का अडली हे ऐकून तो हसला होता.

"ताई, 'नाही' लिहा आणि मोकळ्या व्हा. विडीवाल्याचा हप्ता जवळजवळ दीडपट होतो. खरं लिहीत बसलात तर गिऱ्हाईक पळून जाईल."

"सर, मी लिवनार नाय."

"अहो, सगळे लिहितात."

सगळे लिहितात हे मंदालाही ठाऊक होतं. पण शिकाऊ असताना याच कचेरीत तिने भावनाला पाहिलं होतं. भावना उमरोळीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. तिचा नवरा मिथुन कारखान्यात गोण्या चढवायचा. कुणा एजंटाने त्याची पॉलिसी काढली, 'व्यसन नाही' असं लिहिलं आणि खाली त्याचा अंगठा घेतला. पुढे मिथुन छातीच्या दुखण्याने गेला. कंपनीने दवाखान्याचे कागद मागवले, त्यात त्याच्या विड्यांची नोंद निघाली, आणि दावा फेटाळला गेला. भावना कडेवरचं पोर सांभाळत टेबलाशी उभी होती. ती रडली नाही की भांडली नाही. एवढंच म्हणाली, "त्यानं खोटं लिवलं नाय, सायेब. त्याला लिवताच येत नव्हतं."

त्या दिवसापासून मंदाच्या हाताला खोटं लिहिणं जमेना. म्हणजे तिला तसं वाटत होतं.

एका रविवारी शांतारामनेच विषय काढला. शेजारच्या हेमांगीच्या नवऱ्याची, ललितची, पॉलिसी मंदानेच काढली होती आणि तो आपला हप्ता सगळ्यांना सांगत फिरत होता.

"मंग मलापन त्याच भावात दे," शांताराम म्हणाला.

"तुमाला नाय मिलनार. तुमचा विडीवाल्याचा भाव." तिने आकडा सांगितला.

शांताराम ताठ झाला. छातीला काय होतं, फुप्फुसाला काय होतं, हे मंदाने त्याला लग्नापासून सांगितलं होतं आणि त्याने ते एका कानाने ऐकून विडी ठेवलेल्या दुसऱ्या कानाने सोडून दिलं होतं. पण हा हिशेब त्याला झोंबला. ललित आणि तो एका वर्गात होते. ललित धावण्यात कायम शेवटचा यायचा.

"म्हंजे ललित्यापेक्षा मी आधी मरनार, असं कंपनी म्हनते?"

"कंपनी तसंच धरून चालते."

"त्या ललित्यापेक्षा?"

"व्हय."

त्याने कानावरची विडी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि अंगणातल्या केराच्या टोपलीत टाकली. "काड तुजा म्हागाचा कागद. वरीसभर तोच भरतो. पुडच्या वर्सी ललित्याच्या भावातला घेऊन दाकवतो."

नियम तसाच होता. वर्षभर कुठल्याही रूपात तंबाखू घ्यायची नाही, मग नव्याने अर्ज करायचा, कंपनी लघवी तपासणार, आणि ती साफ निघाली तर साधा हप्ता. मंदाने विडीवाल्याच्या भावातली पॉलिसी त्याच आठवड्यात काढून टाकली, कारण यमाला नियम ठाऊक नसतात.

स्टँडवर ही बातमी पोचली तेव्हा हशा पिकला. तिथला म्होरक्या आनंदा. त्याची रिक्षा शांतारामच्या मागे लागायची आणि त्याची विडी शांतारामच्या काडीवर पेटायची. विमा एजंट दिसला की आनंदाचं एकच उत्तर ठरलेलं असे, की मेल्यावर मिळणाऱ्या पैशांचा हप्ता मागायला मी मेल्यावरच या. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्या दिवशी शांत्या त्या तपासनीत पास होईल, त्या दिवशी मी मंदावयनीकडनं इमा काडीन. आमचा शबुद हाय."

पैज लागली आणि शांतारामच्या हालाला सुरुवात झाली. पहिले काही दिवस तो प्रवाशांवर खेकसला, एका म्हातारीला चुकीच्या थांब्यावर उतरवून परत घ्यायला गेला, घरात ताटं आपटली. मंदा त्याच्या खिशात घरच्या सुकवलेल्या चिकूचे काप भरून ठेवायची. तो ते इतके चघळायचा की स्टँडवर त्याचं नाव 'चिकू' पडलं. पण त्याने विडीला हात लावला नाही. आनंदा मुद्दाम तोंडावर धूर सोडायचा, तेव्हा हा रिक्षातून उतरून लांब नारळाखाली जाऊन उभा राहायचा. सहा महिन्यांनी त्याचं नाक असं उघडलं की वाडीच्या टोकाला उभा राहून हेमांगीच्या चुलीवर आज बोंबील आहेत की मांदेली हे तो सांगू लागला. मंदाला त्याचा अभिमान वाटायचा. तसं तिने तोंडावर कधी म्हटलं नाही, पण बाजारात दुसऱ्या बायकांना मात्र सांगत सुटली.

वर्ष भरलं. मंदाने नवा अर्ज भरला, 'तंबाखू नाही' हे शब्द ठसठशीत लिहिले, आणि दोघं बोईसरच्या तपासणी केंद्रात जाऊन आली. परतताना शांतारामने प्रवासी घेतले नाहीत. रिकामी रिक्षा त्याने राजासारखी चालवली.

काही दिवसांनी मेहुलने तिला शाखेत बोलावलं आणि दार लावून घेतलं. "ताई, रिपोर्टमध्ये तंबाखूचा अंश निघालाय. थोडाथोडका नाही. मी दुसऱ्यांदा तपासायला लावलं, तरी तेच."

"चूक असंल, सर."

"मशीन कुणाच्या नात्यातलं नसतं, ताई. नवऱ्याला विचारा."

मंदा घरी आली. शांताराम आल्यावर तिने फक्त निकाल सांगितला. तो म्हणाला, "मी नाय ओडली." तिने पीठ मळायला घेतलं. तो पुन्हा म्हणाला, "मंदा, नाय ओडली." ती भाकरी थापत राहिली. तो अंघोळीला गेला तेव्हा तिने त्याचे शर्ट हुंगले, रिक्षाच्या सीटखाली हात घातला, डिकी उघडून पाहिली. तिथे चिकूचे काप सापडले. एवढ्यावर तिचा विश्वास परत यायला हवा होता, पण माणसाचं मन एकदा किडलं की पुराव्याने बरं होत नाही. तिला वाटलं, हा स्टँडवर ओढतो आणि तिथलाच वास तिथेच सोडून येतो.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर आनंदाने विचारलं आणि शांतारामने निकाल होता तसा सांगून टाकला. सगळे हसले. आनंदाने त्याच्या खिशात एक विडी खुपसली आणि म्हणाला, "आता लपून कशाला?" शांतारामने ती काढून त्याच्या हातात परत दिली आणि रिक्षात जाऊन बसला. हे मंदाला त्या वेळी रिक्षात बसलेल्या हेमांगीकडून कळलं. हेमांगी म्हणाली, "तुज्या नवऱ्याचं तोंड बगवत नव्हतं गो." तरी मंदाच्या मनातली अढी सुटली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती सुटली.

मागच्या पडवीत सकाळची वेळ ठरलेली. साखरबाई पाटावर, शांताराम पायरीवर, मंदा न्हाणीच्या धोंड्यावर. तिघांच्या डाव्या तळव्यावर काळी भुकटी आणि उजव्या हाताचं बोट तोंडात. एकटा ललित पेस्ट लावायचा, बाकी आळीत घरोघरी सकाळ अशीच व्हायची. मशेरी लावल्याशिवाय कुणाचं तोंड उघडत नव्हतं आणि पोटही नाही. आणि मशेरी साखरबाईचीच. पालघरच्या बाजारातून पानं आणून ती तव्यावर भाजायची, हाताने चुरायची, आणि आळीतल्या बायका रिकामी डबी घेऊन तिच्याच दारी यायच्या. असा भाजण्याचा हात पंचक्रोशीत कुणाचा नाही, हे ती स्वतःच सांगायची.

शांताराम दोन रात्री झोपला नव्हता. तो एकदम तिच्याकडे वळला. बोट तोंडात तसंच होतं.

"मंदा, आयेसमोर सांगतो. वरीसभर तंबाकूला बोट लावलं नाय मी."

मंदा त्याला सुनवायला वळली आणि तिचं लक्ष त्या बोटाकडे गेलं. दुसऱ्या पेरापर्यंत काळं झालेलं बोट, आणि ते तोंडात. तिने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. तेही काळं होतं. मग ती सासूकडे वळली.

"आई, मशेरी कशाची करता?"

साखरबाई थुंकून म्हणाली, "कशाची म्हंजे? तंबाकूची. शेनाची करतेय काय?"

वाडीत पाण्याचा पंप तेवढा चालू होता.

गंमत अशी की ठाऊक सगळ्यांनाच होतं. तंबाखू भाजताना आळीभर ठसका लागायचा, तो काय चंदनाचा होता? पण विडी ओढतात, गुटखा खातात, आणि मशेरीने दात घासतात. आता दात घासण्याला व्यसन कोण म्हणेल? ती तर आई लहानपणापासून लावते ती चांगली सवय. मंदाने वर्षभर आळीतल्या बायकांना विचारलं होतं, तंबाखू खातेस का, विडी ओढतेस का, आणि काळ्या दातांनी हसत त्यांनी नाय म्हटलं होतं, आणि काळ्या दातांनी हसत मंदाने तसं लिहून घेतलं होतं.

आधी शांताराम हसायला लागला. पायरीवरून घसरेपर्यंत हसला. "म्हंजे मी खोटा नव्हतो," तो म्हणाला, आणि पुन्हा तेच म्हणाला, आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फाटला. मंदाला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. विडी सोडणारा हा माणूस वर्षभर एकटा झुंजला होता आणि तिने त्याचे शर्ट हुंगले होते. ती त्याच्याजवळ पायरीवर जाऊन बसली. "माजं चुकलं," ती म्हणाली. "मशीनीवर इस्वास ठेवला नि तुमच्यावर नाय."

"मशीनचं पन बरोबर होतं," शांताराम डोळे पुसत म्हणाला. "माजं पन."

तेवढ्यात मंदाला ते कागद आठवले. आळीतल्या सगळ्या बायकांच्या पॉलिस्या तिने काढल्या होत्या. प्रत्येकीच्या कागदावर 'तंबाखू नाही' असं लिहिलं होतं, आणि ते तिच्या अक्षरात होतं. उद्या यातली एखादी गेली आणि कंपनीने दात पाहिलेल्या डॉक्टरला विचारलं, तर टेबलाशी हेमांगीची पोरं उभी राहतील. आणि ती काय म्हणतील? आयेनं खोटं लिवलं नाय, मंदामावशीनं लिवलं.

तिने हे सांगितल्यावर शांतारामने चूळ भरली आणि रिक्षाची चावी घेतली. "चल, बोईसरला जाऊ. आज नंबर लावत नाय."

मेहुलने डोक्याला हात लावला. "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उघडता? तुमचं कमिशन जाईल, माझं टार्गेट जाईल, आणि बायका तुमच्या दारात येऊन शिव्या घालतील."

"सर, मूठ झाकलेली र्‍हाते ती मानूस जिवंत हाय तवर. मानूस गेला की कंपनी आदी तीच मूठ उगडते."

मेहुलने हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्याने दुरुस्तीचे अर्ज काढून दिले. पहिला अर्ज मंदाने स्वतःच्या पॉलिसीचा भरला.

बाकीचे भरायला ती घरोघरी गेली, आणि शिव्यांच्या बाबतीत मेहुल खरा ठरला. काही पॉलिस्यांचा हप्ता वाढला, एकदोघींनी पॉलिसीच सोडली. हेमांगी तर दारातूनच म्हणाली, "माज्या दाताचा माज्या मरनाशी काय संबंद? तुज्या नवऱ्याची विडी पकडली म्हनून आमच्या मशेरीवर घसरलीस." तिने अर्जावर सही केली, पण बोलणं टाकलं. स्टँडवरही आनंदा तेच म्हणाला, की शांत्या आता विडी मशेरीवर ढकलतोय. लोकांना तेच पटलं, कारण ते जास्त गमतीचं होतं.

शांतारामने पुन्हा पैज मांडली. "मशेरीपन सोडली. आजपासनं वरीस मोज," तो आनंदाला म्हणाला. "तुजा शबुद तसाच ठेव."

आनंदाने ठेवला.

पण खरा घाव घातला तो साखरबाईने. मशेरी सोड असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या वयाला कुठली कंपनी फुकटसुद्धा विमा देणार नव्हती. ती दोन दिवस पडवीत बसून राहिली, आणि तिसऱ्या दिवशी तिने मशेरीचा तवा राखेने घासला, कड्यात सुतळी ओवली आणि अंगणातल्या चिकूच्या फांदीला टांगला.

"या घरात आता मशेरी भाजायची नाय," ती म्हणाली. "माज्या हातच्या भुकटीनं माजा पोर चोर ठरला."

आळीत हाहाकार उडाला. बायका डब्या घेऊन आल्या आणि चिकूला टांगलेला तवा पाहून परत गेल्या. बाजारातली विकतची मशेरी कुणाला रुचेना, कारण साखरबाईच्या हातची चव तिला नव्हती. कुणी स्वतः भाजून पाहिली आणि जाळून टाकली. दोन आठवडे सगळी आळी चिडचिडी झाली, आणि सकाळी पोट साफ होत नाही म्हणून मेडिकलवाल्याचा इसबगोल संपला. साखरबाईचे स्वतःचे हाल सगळ्यांत वाईट. वयाच्या सातव्या वर्षापासून लागलेलं बोट ते. ती रोज सकाळी पाटावर बसायची, बोट दातांवरून नुसतंच फिरवायची आणि जगातल्या सगळ्या विमा कंपन्यांच्या आयांचा उद्धार करायची. पण तव्याकडे गेली नाही. मंदा तिला कडुलिंबाची काडी आणून द्यायची. ती घेताना साखरबाई म्हणायची, "ही बकरीची सवय हाय, मानसाची नाय."

शांताराम म्हणायचा की विडी सोडणं सोपं होतं. विडी पेटवावी तरी लागते. मशेरीला नुसता हात डब्यात घातला की झालं. कितीतरी सकाळी मंदाने त्याला रिकामी डबी उघडून हुंगताना पाहिलं. आणि त्याने तिला. दोघंही एकमेकांना पकडायचे आणि हसायचे, आणि डबी पुन्हा फळीवर जायची. एका सकाळी मंदाने ती विहिरीत फेकून दिली. त्या दिवशी दोघांनाही घरात जरा मोकळं वाटलं.

वर्ष फिरलं. मंदाने दोन अर्ज भरले, एक त्याचा आणि एक स्वतःचा. या वेळी बोईसरला जाताना शांतारामने प्रवासी घेतले, भाडंही घेतलं, आणि रिक्षा साध्या माणसासारखी चालवली.

निकालाच्या दिवशी मंदा शाखेत गेली तेव्हा मेहुलने दार लावून घेतलं नाही. उलट बाहेरच्या टेबलापर्यंत तो स्वतः चालत आला. "दोघांचे रिपोर्ट साफ आहेत, ताई. तंबाखूचा लवलेश नाही. हप्ता साधा." मग तो म्हणाला, "नव्या एजंटांना मी हल्ली मशेरीचंही विचारायला सांगतो. तुमचं नाव घेऊन सांगतो."

मंदाने पेढे आधीच घेतले होते. तपासणी फेल झाली असती तर घरी नेऊन गुपचूप खाल्ले असते, आता ते खोकं घेऊन ती सरळ स्टेशनजवळच्या स्टँडवर गेली. दुपारची वेळ होती, रिक्षा ओळीने उभ्या होत्या, आनंदा बॉनेटवर बसून विडी ओढत होता. शांताराम नारळाखाली उभा. त्याने तिला लांबून येताना पाहिलं आणि जागचा हलला नाही.

तिला त्याच्याकडेच जायचं होतं. पण ती आधी आनंदापुढे जाऊन थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भावजी, तुमच्या मित्राची तपासनी साफ आली. विडी नाय, मशेरी नाय, काय नाय. ललितच्या भावात पॉलिसी."

स्टँडवर कुणी हसलं नाही. एकाने हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता ओळीतल्या सगळ्या रिक्षा वाजू लागल्या. स्टेशनातून बाहेर येणारी माणसं काय झालं म्हणून थांबली. दोन हिंदी कामगार "क्या हुआ, कोई मिनिस्टर आया क्या?" म्हणत पुढे आले आणि पेढे खाऊन गेले. शांताराम नारळाखालून आला. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्याने लपवले नाहीत. मंदाने त्याच्या तोंडात पेढा कोंबला. लग्नानंतर चारचौघांत तिने त्याला पहिल्यांदाच घास भरवला.

आनंदा बॉनेटवरून उतरला. विडी पायाखाली चिरडली. "दोन वर्सं तुज्या शेजारी उबा हाय," तो शांतारामला म्हणाला. "तू ओडली असतीस तर मला कळलं असतं. मला ठावं होतं. हसायला बरं वाटत होतं म्हनून हसलो." मग मंदाकडे वळून म्हणाला, "वयनी, शबुद म्हंजे शबुद. घरी चला. भरा माजा कागद."

संध्याकाळी आनंदा पडवीत मांडी घालून बसला. आळीतली निम्मी माणसं अंगणात जमली होती. एका बाजूला हेमांगीही येऊन उभी होती, वर्षभरात पहिल्यांदा. मंदाने कागद पुढ्यात घेतला.

"विडी?"

"व्हय."

"गुटका?"

"नाय."

"मशेरी?"

आनंदाने साखरबाईकडे पाहिलं, चिकूच्या फांदीला टांगलेल्या तव्याकडे पाहिलं. खोटं बोलायची तयारी त्याच्या चेहऱ्यावर येऊन परत गेली.

"व्हय. तीपन. पलीकडच्या आळीतल्या मावशीकडनं आनतो."

"म्हाग पडंल, भावजी."

"पडू दे. पुडच्या वर्सी स्वस्त करून दाकवतो."

मंदाने 'होय' लिहिलं, दोन वेळा, ठसठशीत. तिच्या हाताला हे लिहिताना फार बरं वाटलं. मग हेमांगी पुढे आली आणि तिच्या शेजारी बसली. "वरीस भरलं की माजीपन तपासनी कर," ती हळूच म्हणाली. "तुजी सासू काय भाजत नाय, मंग मी कशाला लावू? आट महिने झाले सोडून. तुला सांगायची लाज वाटत होती." मंदाने तिचा हात धरला.

साखरबाई इतका वेळ पाटावर बसून सगळं पाहत होती. ती उठली, चुलीजवळची पळी घेतली, चिकूखाली गेली आणि टांगलेल्या तव्यावर पळी हाणली. तवा असा खणखणला की पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. तिने पुन्हा हाणली, आणि पुन्हा. घराघरांतून बायका दारात आल्या.

"काय झालं गो साखरबाय?" कुणीतरी ओरडून विचारलं.

"माजा शांत्या पास झाला," साखरबाई तवा बडवत म्हणाली. "तो तेवापन खरंच बोलत होता."

"आये, पुरे आता, कान गेले," शांताराम म्हणाला.

"जाऊ देत. दोन वर्सं लोकांनी काय काय ऐकवलं, तेवा नाय गेले." आणि तिने तवा आणखी जोरात वाजवायला सुरुवात केली. शांताराम पायरीवर बसला होता. त्याने मंदाकडे पाहिलं, मग खिशात हात घालून चिकूचे काप काढले आणि आनंदाच्या ओंजळीत ओतले.

"घे," तो म्हणाला. "पयले दोन आटवडे लई वाईट जातात."